कोशातल्या नोंदीची वंशावळ

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात ‘बलुतेदार’ या शब्दाखाली गावगाड्याचा अख्खा हिशेब मांडलेला आहे. बलुतेदारांच्या तीन कासा किंवा वळी, म्हणजे वर्ग, सांगितल्या आहेत. थोरल्या कासेत सुतार, लोहार, महार आणि मांग. मधल्या कासेत कुंभार, चांभार, परीट आणि न्हावी. धाकट्या कासेत भट, मुलाणा, गुरव आणि कोळी. कोणाला किती मिळायचे तेही तिथेच नोंदवले आहे: थोरल्या कासेला चार पाचुंदे म्हणजे वीस पेंढ्या, त्यातही महाराला आठ पाचुंदे, मधलीला तीन, धाकटीला दोन. पुढे अलुत्यांची यादी येते. मग कोशकार ग्रँट डफचे नाव घेऊन त्याची यादी देतो, आणि ती वेगळी निघते. डफच्या बारांत जोशी आणि भाट आहेत, कोळी मात्र अलुत्यांत गेला आहे. शेवटी आणखी एक माहिती येते: उत्तरेकडच्या दख्खनात अनेक गावी महार तिन्ही वर्गांचे बलुते घेतो, म्हणून तिथे महाराखेरीज नऊच बलुतेदार उरतात.

शाळेच्या पुस्तकात बारा बलुतेदारांची एकच यादी असते आणि ती पाठ करायची असते. जुन्या कोशातली एक नोंद मात्र दोन याद्या आणि एक अपवाद शेजारी ठेवते. ‘बारा’ हा आकडा पक्का असला तरी त्यात बसणारी माणसे गावागणिक बदलत होती, हे तिच्यातून दिसते. समाजशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातून प्रबंधाचा विषय मिळू शकतो. एके काळी हा कोश पाहायला मोठ्या ग्रंथालयात जावे लागे. आज शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल दक्षिण आशिया ग्रंथालयामुळे गडचिरोलीतला विद्यार्थीही ही नोंद फोनवर वाचू शकतो. ही सोय फार मोठी आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

पण फोनवर ती नोंद एकटी येत नाही. अनेक कोश एकत्र करून दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर शब्द टाकला की एकाखाली एक चार-पाच उत्तरे येतात. चार ठिकाणी सारखाच अर्थ दिसला की विद्यार्थ्याचा विश्वास बसतो आणि प्रबंधात वाक्य येते, ‘सर्व कोशकारांनी हाच अर्थ दिला आहे.’ हे चार साक्षीदार खरोखर वेगवेगळे आहेत की एकाचीच साक्ष बाकीच्या तिघांनी पुढे सांगितली आहे, हा प्रश्न राहून जातो. त्यासाठी या कोशांची वंशावळ ठाऊक असावी लागते, आणि शोधाच्या चौकटीत ती दिसत नाही.

सर्वांत जुन्या पिढीला कागदाची फारशी गरजच नव्हती. अमरकोश पाठ करायचा असे. त्याची तीन कांडे आणि त्यांतले वर्ग विषयवार आहेत, कारण श्लोकात गुंफलेले समानार्थी शब्द डोक्यात ठेवायचे तर विषयाची संगत लागते. अकारविल्ह्याचा तिथे उपयोग नाही. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून तयार झालेला राजव्यवहारकोश याच वळणाचा आहे. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, शस्त्रवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे त्याचे दहा वर्ग आणि त्यांत सुमारे चौदाशे शब्द. दरबारात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे हे त्याचे काम.

या कोशाकडे विद्यार्थ्यांनी नीट पाहावे असे मला वाटते, कारण कोशांचे एक अख्खे घराणे त्याच्यापासून सुरू होते. लोक काय बोलतात याची नोंद करणे हा त्याचा हेतू नव्हता. लोकांनी, निदान दरबाराने, काय लिहावे हे तो सांगतो. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १९३१ साली निघालेला ‘श्री सयाजीशासन शब्दकल्पतरू’ या घराण्यातला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही याच घराण्यातले, आणि तेही आता ऑनलाइन आहेत. त्यांचे काम मोलाचे आहे. कायदा, अर्थशास्त्र, भौतिकी हे विषय मराठीतून शिकवायचे तर ठरलेली परिभाषा लागतेच. पण परिभाषा कोशात शब्द सापडला म्हणजे तो शब्द वापरात आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. मुळातला राजव्यवहारकोशच याला पुरावा आहे. अष्टप्रधानांत पेशव्याचे ‘पंतप्रधान’ झाले, मुजुमदाराचे ‘अमात्य’, सुरनिसाचे ‘सचिव’. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे शिक्क्यांवर ‘प्रधान’ उमटत राहिले आणि लोकांच्या तोंडी ‘पेशवे’च राहिले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही दोन्ही माहिती हवी. कोणती कोठून घ्यायची हे मात्र कोशाचे घराणे पाहूनच ठरते.

दुसरे घराणे नोंद करणाऱ्यांचे. त्याचा छापील आरंभ बंगालात झाला. विल्यम कॅरी हा मिशनरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत असे. त्याच्या हाताशी वैजनाथ पंडित होते आणि श्रीरामपूरला छापखाना होता. तिथून १८१० साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, आणि त्यातले मराठी शब्द मोडी टायपात छापले होते. पंडित नागपूरकडचे, कोशकार इंग्रज, छपाई हुगळीकाठी. या कोशातली मराठी पुण्याच्या मराठीशी जुळली नाही तर त्यात चूक शोधण्याआधी शब्द सांगणारा कोण होता हे पाहावे.

पेशवाई बुडाल्यावर हे काम मुंबई-पुण्याकडे आले. व्हान्स केनेडीचा कोश १८२४ साली निघाला. १८२९ साली ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ छापला गेला. तो मराठीचे अर्थ मराठीतच देणारा, जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, दाजीशास्त्री शुक्ल, परशुरामपंत गोडबोले अशा मंडळींनी सिद्ध केलेला. लोक त्याला शास्त्र्यांचा कोश म्हणत. आजच्या एकत्रित संकेतस्थळांवर विद्यार्थ्यांच्या नजरेला तो सहसा पडत नाही आणि मला याचे वाईट वाटते, कारण पुढच्या सगळ्या वंशावळीत तो मधला दुवा आहे.

१८३१ साली मोल्सवर्थचा कोश आला. जेम्स टॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७१) हा कंपनीच्या लष्करातला अधिकारी. छावणीत असतानाच त्याने शब्द टिपायला सुरुवात केली होती. टॉमस आणि जॉर्ज हे कँडी बंधू त्याला मिळाले, सरकारने काम मंजूर केले आणि मराठी पंडित नेमले गेले. पहिल्या आवृत्तीत सुमारे ४०,००० शब्द होते. इंग्रजी-मराठी भागाचे कामही मोल्सवर्थनेच सुरू केले होते. तो इंग्लंडला परतल्यावर टॉमस कँडीने ते १८४७ साली पुरे केले. पुढे सरकारने मोल्सवर्थला पुन्हा बोलावले. महाबळेश्वरी बसून त्याने आपला कोश नव्याने तपासला आणि १८५७ साली दुसरी आवृत्ती निघाली, सुमारे ६०,००० शब्दांची. संकेतस्थळांवर आपण जो ‘मोल्सवर्थ’ पाहतो तो हा १८५७चा.

मोल्सवर्थची महत्ता त्याच्या प्रामाणिकपणात आहे. शब्द संस्कृत, हिंदी, फारसी की अरबी मुळाचा, हे तो एका अक्षराच्या खुणेने सांगतो. शब्द काव्यातला आहे, प्रांतिक आहे, की हलका समजला जातो, हेही सांगतो. या खुणा नोंदीचा अर्थ बदलतात. एखादा शब्द ‘हलका’ ठरवला तेव्हा तो कोणाच्या कानाला हलका वाटला? शब्द सांगणारे आणि तपासणारे बहुतेक ब्राह्मण पंडित होते. म्हणून ती खूण भाषेबद्दल जेवढे सांगते तेवढेच १८३०च्या सुमाराच्या शिष्ट समाजाबद्दलही सांगते. स्त्रियांच्या बोलण्याचा किंवा अलुत्या-बलुत्यांच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्याने ही खूण वगळून नुसता अर्थ उतरवून घेतला तर कोशातला सगळ्यात उपयोगी पुरावाच त्याच्या हातून सुटला.

मोल्सवर्थनंतरची वंशावळ पाहिली की चार उत्तरांचे कोडे सुटते. बाबा पदमनजींनी १८६३ साली मोल्सवर्थचा संक्षेप काढला. श्रीधर गणेश वझे यांचा आर्यभूषण छापखान्याचा शालेय कोश १९११चा. त्याच्या इंग्रजी अर्थांवर मोल्सवर्थची छाया जागोजागी दिसते, आणि शाळेसाठी सुटसुटीत कोश करायचा तर ते साहजिकच होते. नंतरच्या मोठ्या कोशांनीही आधीच्या कोशांतला शब्दसंग्रह आपल्यात सामावून घेतला. म्हणजे एकाच पडद्यावर मोल्सवर्थ, वझे आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ एकमुखाने काही सांगत असतील तर ती कदाचित एकाच माणसाची १८५७ची साक्ष असेल. खरी स्वतंत्र साक्ष शोधायची तर कोशाने स्वतःचा पुरावा दिला आहे का हे पाहावे लागते.

असा पुरावा पुष्कळदा देणारा कोश म्हणजे हाच ‘महाराष्ट्र शब्दकोश’. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे, आबा चांदोरकर आणि चिं. शं. दातार यांनी पुण्याच्या महाराष्ट्र कोशमंडळातर्फे १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात विभाग काढले आणि १९५० साली पुरवणी. दाते आणि कर्वे दोघेही केतकरांच्या ज्ञानकोशात तयार झालेले. हजारो नोंदींचे कागद लावायचे कसे आणि काम वेळेत हातावेगळे करायचे कसे, हे ते तिथे शिकून आले होते. त्यांनी अर्थाच्या शेवटी आधार दिला. ‘ज्ञा’ म्हणजे ज्ञानेश्वरी, ‘एभा’ म्हणजे एकनाथी भागवत, ‘तुगा’ म्हणजे तुकारामाची गाथा, ‘दा’ म्हणजे दासबोध; पुढे अध्याय-ओवीचा आकडा. शब्द एका मुलखातला असेल तर तसा संक्षेप: ‘व.’ म्हणजे वऱ्हाड, ‘गो.’ म्हणजे गोवा, ‘कु.’ म्हणजे कुडाळ, ‘खा.’ म्हणजे खानदेश.

विद्यार्थी नेमके हेच संक्षेप ओलांडून पुढे जातात. त्यांना दोष देता येत नाही, कारण छापील कोशात पहिल्या विभागाच्या आरंभी असलेली संक्षेपांची यादी फोनवर नोंदीसोबत येत नाही. ‘-ज्ञा’ आणि दोन आकडे हे दृश्य, माहीत नसलेल्याला छपाईतली चूक वाटावे असेच आहे. पण संशोधन तिथूनच सुरू होते. आकड्याबरहुकूम ज्ञानेश्वरीतली ओवी काढावी. कोशकाराने सांगितलेला अर्थ तिथे बसतो का हे पाहावे. कधी बसत नाही, कधी हाताशी असलेल्या प्रतीत पाठच निराळा निघतो. मग शं. गो. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांचा १९९९चा जुन्या मराठीचा कोश पाहावा. तोही शिकागोच्या संग्रहात आहे, आणि यादवकाळातल्या ग्रंथांतून व कोरीव लेखांतून शब्द वेचून, स्थळ दाखवून केलेला आहे. लीळाचरित्र किंवा ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याने मोल्सवर्थवर थांबणे म्हणजे तेराव्या शतकातल्या शब्दाला एकोणिसाव्या शतकातल्या माणसाचा अर्थ लावणे. एम.ए.च्या वर्गांत ही गल्लत सर्रास होते. ऑनलाइन सोयीने ती सोपी झाली आहे, कारण सुमारे सहाशे वर्षांचे अंतर पडद्यावर एका ओळीइतके उरते.

त्याच पडद्यामुळे दुसरीही एक अडचण होते. विद्यार्थी ‘बलुते’ असे टाकतो आणि नेमका तोच शब्द शोधायला सांगतो. उत्तर येते, काही सापडले नाही. शब्द तर कोशात आहे, पण तिथे तो ‘बलुतें’ आहे. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोघेही अनुच्चारित अनुस्वार देणाऱ्या काळातले. ‘गांव’, ‘मडकें’, ‘खेडें’ ही त्यांची रूपे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली शासनाने मान्य केले आणि हे अनुस्वार गेले. ‘कवि’, ‘नीति’ अशी ऱ्हस्वान्त रूपेही दीर्घ झाली. छापील पानावर बोट फिरवणाऱ्याला याचा त्रास नव्हता. एक अनुस्वार जास्त असला तरी शब्द त्याच स्तंभात दिसे. यंत्राला तो अनुस्वार म्हणजे दुसराच शब्द. म्हणून जुन्या कोशांत शोधताना शब्दाचा आरंभ तेवढा टाकावा, अनुस्वार देऊन आणि न देता पाहावे, ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहावे. ‘हा शब्द मोल्सवर्थमध्ये नाही’ असे विधान एवढे सगळे केल्याशिवाय करू नये. आणि केले, तरी शब्द कोशात नाही म्हणजे तो बोलण्यात नव्हता असे ठरत नाही. कोशकाराच्या कानावर तो आला नाही, इतकेच त्यातून कळते.

शब्दाचे मूळ शोधणाऱ्याने या सगळ्यांपलीकडे जावे. माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे माधव ज्यूलियनांचा, ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५चा. मोडी कागद वाचणाऱ्याचा त्याच्याशिवाय निभाव लागत नाही. कृ. पां. कुलकर्ण्यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ १९४६चा. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या व्युत्पत्ती तेजस्वी आहेत आणि त्यांतल्या कित्येक पुढच्या अभ्यासकांनी मानल्या नाहीत. आंतरजालावर मात्र ‘व्युत्पत्ती’ म्हणून जे फिरते त्यात राजवाडे कोण, कुलकर्णी कोण आणि कोणी तरी काल रचलेली गोष्ट कोणती, हे कळायला मार्ग नसतो. नाव आणि साल नसलेली व्युत्पत्ती प्रबंधात घेऊ नये, मग ती कितीही पटणारी असो.

आता उल्लेखाच्या रीतीबद्दल. संदर्भसूचीत नुसता संकेतस्थळाचा पत्ता आणि ‘अमुक तारखेस पाहिले’ एवढेच लिहिलेले पुष्कळदा आढळते. संकेतस्थळ हे कपाट आहे. साक्ष कोशाची आहे. शिकागोच्या संग्रहात मोल्सवर्थच्या नोंदीशेजारी छापील पानाचा क्रमांक दिलेला असतो. तेव्हा कोशकाराचे नाव, आवृत्ती, साल, पृष्ठ आणि मग संकेतस्थळ असा पुरा उल्लेख करता येतो. पानाचे चित्र उपलब्ध असेल तर तेही उघडून पाहावे, कारण मजकूर टंकित करताना एखादी मात्रा किंवा खूण गळून पडणे अगदी शक्य असते. एवढी माहिती न देणाऱ्या संकेतस्थळाचा उपयोग शोध लावण्यापुरता करावा आणि पुरावा मूळ कोशातून घ्यावा. वाचकांनी मिळून केलेल्या विक्शनरीसारख्या कोशात निदान पानाचा इतिहास पाहता येतो: कोणी, केव्हा, काय बदलले ते. ही सोय छापील कोशाला कधीच नव्हती.

आपल्या विद्यापीठांतली आणखी एक सवय याच मुळातून आली आहे. प्रबंधाचे पहिले प्रकरण ‘संकल्पना आणि स्वरूप’, आणि त्यात तीन-चार कोशांतले अर्थ ओळीने. ग्रामीण साहित्यावरचा प्रबंध ‘ग्राम’ शब्दाच्या कोशार्थाने सुरू होतो, लोककलेवरचा ‘लोक’ शब्दाच्या. कोश हा शब्दाच्या वापराचा साक्षीदार आहे. संकल्पनेची व्याख्या करणे त्याचे काम नव्हे. दलित साहित्य म्हणजे काय हे बाबूराव बागूल आणि शरणकुमार लिंबाळे यांच्याशी वाद-संवाद करून ठरेल, कोशातल्या ‘दलित’ शब्दाने ठरणार नाही. तो शब्द कोणत्या कोशात केव्हा कोणत्या अर्थाने येतो हा मात्र फार चांगला प्रश्न आहे. पहिल्या प्रकरणात शोभेसाठी न लावता त्यालाच प्रबंधाचा विषय करावा.

आणि असे विषय पुष्कळ पडून आहेत. मोल्सवर्थच्या १८३१ आणि १८५७ या दोन्ही आवृत्त्यांची पाने आता स्कॅन होऊन आंतरजालावर आली आहेत. दोहोंमध्ये सुमारे वीस हजार शब्दांचा फरक आहे. त्याच पंचवीस-सव्वीस वर्षांत १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली, १८५७ साली मुंबई विद्यापीठ उभे राहिले. वाढलेल्या शब्दांतले किती या नव्या जगाबरोबर आले आणि किती जुनेच होते पण पहिल्या खेपेला कोशकारांच्या कानावर पडले नव्हते? कोणत्या शब्दांच्या खुणा दुसऱ्या आवृत्तीत बदलल्या? दोन्ही आवृत्त्या शेजारी उघडून एका अक्षराची पाने जरी कोणी ओळीने ताडून पाहिली तरी एम.ए.च्या लघुप्रबंधाला पुरेल एवढे काम त्यात आहे.